कान टोचण्याआधी

माझ्या मेव्हणीच्या धाकट्या मुलाचे कान टोचण्याचे साठ सालच्या माघात, एका गुरुवारी सकाळी, मुठा गावी ठरले होते. पौडचा सोनार वेळेवर आला. मुलाला न्हाऊ घातले होते. ओसरीवर पाट मांडला होता. कान टोचले गेले नाहीत.

त्या पाटावर बसायचे होते मला. आमच्यात मूल मामाच्या मांडीवर ठेवून कान टोचतात. माझी पत्नी इंदू आणि तिची धाकटी बहीण हौसा यांना एकच भाऊ होता, बबन. तो हौसाच्या लग्नाआधीच वारला. त्यामुळे मामाची जागा मी घ्यावी असा हौसाचा निरोप आला. मी वर्तमानपत्राच्या कचेरीतून रजा काढली आणि आम्ही दोघे निघालो.

निघण्यापूर्वीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमचा मुलगा विजय सात वर्षांचा आहे. त्याचे रक्त गोठत नाही. तुमच्याआमच्या शरीरातून रक्त बाहेर आले की थोड्या वेळात त्याचे जाळे विणले जाते आणि जखमेचे तोंड बंद होते. विजयच्या रक्तात त्या जाळ्याचा एक धागा जन्मापासून नाही. कापल्या-खरचटल्यापेक्षा आतला मार वाईट. गुडघ्यात, घोट्यात रक्त साठते, सांधा नारळासारखा फुगतो. औषध नाही. रुग्णालयात ताजे रक्त चढवतात, पाय बांधून ठेवतात आणि वाट पाहतात. आमच्या घरात पलंगाच्या आणि कपाटाच्या कोपऱ्यांना गोधडीचे तुकडे बांधलेले आहेत.

हा आजार आईकडून मुलाकडे जातो. आईला स्वतःला काही होत नाही. मुलीही सहसा वाचतात, पण पुढे त्या तो आपल्या मुलांना देऊ शकतात. डॉक्टरांनी आम्हांला हे कागदावर समजावले. पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी गोल. बबनच्या आणि विजयच्या चौकोनात त्यांनी शाई भरली, इंदूच्या आणि तिच्या आईच्या गोलात मध्ये एक टिंब दिले. हौसाच्या गोलापाशी त्यांचा हात थांबला. तिचा पहिला मुलगा निरोगी आहे हे मी सांगितले. त्याने काही सिद्ध होत नाही, ते म्हणाले. दर मुलाला नव्याने कौल लागतो. धाकट्याचे रक्त तपासल्याशिवाय त्याला सुईसुद्धा लावू देऊ नका.

हौसाच्या सासरी विजयचा आजार ठाऊक होता, तो आईकडून येतो हे ठाऊक नव्हते. बबन तापाने गेला असे तिच्या लग्नात सांगितले होते.

पिरंगुट

मुळशीचे धरण पाहायला पुण्याचे लोक सहली काढतात. त्याच मुळशी पेट्यातल्या मुठे खोऱ्यात मात्र कामाशिवाय कोणी जात नाही. पौडच्या एस.टी.ने पिरंगुटला उतरायचे आणि पुढे उरवड्यावरून, खिंड ओलांडून, बैलगाडीने जायचे. या रस्त्याचे हादरे विजयला चालणारे नव्हते. त्याला माझ्या आईजवळ ठेवले होते.

हौसाचा नवरा दामू गाडी घेऊन आला होता. बरोबर त्याचा थोरला, किसन. किसन विजयपेक्षा तीन महिन्यांनी लहान आहे. तो चालत्या गाडीत काही न धरता उभा होता. गाडी थांबायच्या आत त्याने खाली उडी मारली आणि मावशीच्या हातातली पिशवी ओढून घेतली. त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर खपल्या होत्या, एक जुनी काळी, एक अलीकडची. बोलता बोलता त्याने काळीची कड नखाने उचकटली आणि ती काढून टाकली. खाली गुलाबी कातडी आली होती.

मी आणि इंदू दोघेही तिकडे पाहत होतो. विजयच्या अंगावर आजवर एकही खपली नीट धरलेली नाही.

“पोरगं न्हाई आनलं?” दामूने विचारले.

इंदू म्हणाली, त्याची शाळा आहे. विजय शाळेत जात नाही. मास्तर घरी येतात.

उरवडे आणि खिंड

उरवड्याच्या पुढे भाताच्या खाचरांत हरभरा होता. एका शेताच्या बांधावर दोघे भाऊ हरभऱ्याचे डहाळे जाळावर भाजत बसले होते. दामूची ओळख निघाली, गाडी थांबली. काळे झालेले घाटे हातावर चोळून, फुंकून खायचे. पुण्यात हरभरा भाजून विकत मिळतो, पण तो तोंड काळे करत नाही. इथे आमची तोंडे काळी झाली आणि थोरल्या भावाने इंदूला सांगितले की वहिनी आता कुठे घरच्या दिसायला लागल्या.

खिंडीच्या उतारावर गाडीचे चाक निसटले. चाक आखाबाहेर येऊ नये म्हणून लावलेली खीळ वाटेत कुठेतरी गळून पडली होती. गाडी डाव्या अंगाला कलली. इंदू आणि मी दांडी धरून बसलो. किसनने खाली उडी घेतली, तो दगडावर आपटला आणि नडगी सोलून उभा राहिला.

रक्त बरेच आले. पोटरीवरून ओघळून टाचेपर्यंत गेले. दामूने बैल सोडले, इकडेतिकडे पाहिले, कडेचा दगडी पाला ओरबाडला, तळहातावर चुरला आणि त्याचा रस जखमेवर पिळला. हे करताना तो किसनशी नव्हे, बैलांशी बोलत होता. मग बापलेक खीळ शोधायला मागे चालत गेले. ती सापडली नाही. दामूने बाभळीचा खुंट तासून घातला. मला चाक उचलायला हात लावावा लागला.

इंदूने हात लावला नाही. ती किसनसमोर बसून त्याच्या नडगीकडे पाहत होती. चाक बसेपर्यंत रक्ताचा ओघळ वाळून तपकिरी झाला होता.

“थांबलं,” ती म्हणाली. ती बहुधा मला सांगत होती.

माझ्या मनात त्या वेळी काय होते ते स्पष्ट लिहितो, कारण पुढे त्याचा संबंध आला. मला त्या मुलाचा हेवा वाटला. त्याच्या बापाचा त्याहून जास्त वाटला. आपल्या मुलाचे रक्त वाहत असताना बैलांशी बोलता येणे, ही गोष्ट मी आयुष्यात एकदाही केलेली नाही.

खिंडीच्या पलीकडे खोरे एकदम उघडते. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये पावसाळ्यानंतर आटत गेलेली मुठा नदी. पात्रात पाण्यापेक्षा धोंडे जास्त. गावातली पोरे त्या धोंड्यांवरून उड्या मारत एका काठाहून दुसऱ्या काठाला शर्यत लावून जात होती. पाहुण्यांना पाहून ती थांबली नाहीत. किसन गाडीतून उतरून थेट तिकडे गेला.

मुठा

दामूचे घर नदीच्या वरच्या अंगाला आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या, वर कौले. घरात दामूची आई ठकूबाई यांचा शब्द चालतो. त्या उंच आहेत, मोठ्याने बोलतात आणि माणसाला नाव न विचारता त्याची जमीन किती ते विचारतात. मला जमीन नाही हे कळल्यावर त्यांनी मला कोंबडीचा चांगला तुकडा वाढला. दया असावी.

जेवण आठवणीत राहण्यासारखे होते. आंबेमोहराचा भात शिजताना त्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, लसणाची चटणी. पुण्यात आमच्याकडे हाच तांदूळ पोत्यातून येतो, पण तोपर्यंत त्याचा वास गेलेला असतो.

जेवताना विजयची चौकशी झाली. मी खरे ते सांगितले: गुडघा सुजला आहे, रक्त गोठत नाही. ठकूबाईंना आजार ठाऊक होता, पण कारण त्यांच्या मते निराळे होते. मुलाचे रक्त बापाचे असते. तेव्हा दोष माझ्या घराण्यात होता.

“नळाचं पानी पिऊन पिऊन रगत पातळ झालंय तुमच्यात,” त्या म्हणाल्या. “आमच्यात असलं न्हाई. ह्यो किसन बगा.”

दामू हसला. इंदूने मान खाली घातली. ही समजूत विजयचा आजार कळल्यापासून तशीच चालत आली होती आणि दोघी बहिणींनी ती मोडली नव्हती. ती मोडली की हौसाच्या गोलात टिंब पडते. मग सासरच्यांनी तिचे काय केले असते ते सांगता येत नाही. शेजारच्या गावात मिरगीवाल्या घरातली सून लेकरासकट माहेरी पाठवलेली होती. तिचे उदाहरण ठकूबाईंनी स्वतःच, दुसऱ्या कशावरून तरी, त्याच जेवणात दिले.

जेवणानंतर मी त्यांना डॉक्टरांचा निरोप सांगितला. कारण न देता. धाकट्याचे रक्त आधी तपासावे, कान पुढच्या महिन्यात टोचता येतील.

“तुमचं तुमी तपासा,” ठकूबाई म्हणाल्या. “पोर सव्वा म्हैन्याचं झालंय. सोनार सांगून ठिवलाय. गावात काय सांगू, पावण्याच्या डाक्तरनं न्हाई म्हनलं?”

मी पुन्हा प्रयत्न केला. त्यांनी चुलीपुढे बसल्या जागेवरून माझ्याकडे नीट पाहिले आणि हौसाला मीठ-मोहऱ्या आणायला सांगितल्या. मग किसनला आणि हौसाच्या मांडीवरच्या धाकट्याला समोर घेऊन, मी तीन हातांवर बसलेलो असताना, त्यांनी मुलांची दृष्ट काढली. पुण्यात दृष्ट काढतात ती पाहुणे गेल्यावर. इथे पाहुण्याच्या देखत काढतात आणि पाहुण्याने वाईट वाटून घ्यायचे नसते. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका लागला तर काही नव्हते, नाही लागला तर दृष्ट होती. आम्ही सगळे वाट पाहत बसलो. कोणालाही ठसका लागला नाही.

“लई जबर व्हती,” ठकूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहण्याची गरज नव्हती.

गुरुवार

सकाळी दोघी बहिणी नदीवर धुणे घेऊन गेल्या. तिथले बोलणे इंदूने मला परतल्यावर सांगितले. मला बोलावण्यात हौसाचा हेतू मामाच्या जागेपुरता नव्हता. मी शिकलेला, पुण्याचा, वर्तमानपत्रातला. मी नको म्हटले तर सासू ऐकेल, असे तिला वाटले होते. स्वतः तिला बोलता येत नव्हते. मुलाची नाळ पडली त्या दिवशी ती बेंबीकडे पाहत दिवसभर बसून होती. त्याला डास चावला तरी ती जागा परत परत तपासत असे. किसनच्या वेळीही तिने हेच केले होते, तो पहिल्यांदा खरचटून, रक्त थांबून हसत घरी येईपर्यंत.

इंदू तिला म्हणाली, तुझे काय, तुझा किसन तरी आहे. त्यावर हौसाने जे उत्तर दिले ते इंदूने मला शब्दशः सांगितले: “आक्का, तुला म्हाईत तरी हाय. डाक्तर हाय, टांगा केला की दवाखाना हाय. मला हितं हरएक पोराला बगत बसावं लागतंय. तुजा मी हेवा करती.” त्यानंतर दोघी धुणे पिळत राहिल्या.

सोनार आला. पितळी डबीतून त्याने सोन्याची बारीक तार काढली, टोक दगडावर घासले, हळदीच्या वाटीत बुडवून ठेवले. शेजारणी हळदीकुंकवाला दुपारी यायच्या होत्या. त्या वेळी घरात ठकूबाई, दामू, हौसा, आम्ही दोघे आणि सोनार एवढेच होतो. हौसा मुलाला घेऊन दारात उभी होती. मूल गोरे, अंगाने भरलेले, केस ओले. ओठाला लावलेला गूळ चाटत होते.

“बसा की पावणं,” ठकूबाई म्हणाल्या. “पोर काकडतंय.”

मी म्हणालो, मी बसणार नाही. रक्त तपासून आणा, मी स्वतः येऊन बसेन.

दामू उठून उभा राहिला. तो मऊ बोलणारा माणूस आहे. घरात बोलावून आणलेल्या पाहुण्याने असे करावे का, एवढेच त्याने विचारले. ठकूबाईंनी त्याला हाताने खाली बसवले.

“त्येला बगवत न्हाई, दामू. सवताचं पोर अंथरुनात, आन हितं दोन दोन. काल आल्यापास्नं किसनच्या पायाकडं बगतुया. मानसाचं तोंड मला कळतंय.”

त्यातले एक वाक्यही खोडून काढता आले नसते. माझा सल्ला बरोबर होता आणि तो हेव्याने भरलेल्या माणसाच्या तोंडून येत होता. ऐकणाऱ्याने त्यातले काय उचलायचे हा त्याचा प्रश्न.

सोनाराने मध्यम मार्ग काढला. मामा नसला तर पाटावर नारळ ठेवतात आणि आई मुलाला मांडीवर घेते, तसे त्याने दोन घरी केले होते. चालते. ठकूबाईंनी आतून नारळ आणला, त्याला हळदकुंकू लावले आणि पाटावर ठेवला. मी बाजूला सरकलो. माझे काम तिथे संपले होते. सोनाराने तार उचलली.

“बस गं,” ठकूबाई हौसाला म्हणाल्या.

हौसा बसली नाही. तिने मूल पदराखाली घेतले.

“माजा भाऊ तापानं गेला न्हाई, आत्याबाई.”

“मंग?”

“दाढ काढली. रगत थांबलं न्हाई. चार दिस. आईचा भाऊ बी असाच गेलता. ह्ये दाजींच्या घरचं न्हाई. आमच्या म्हायेरचं हाय. आक्काच्या पोराला आलं, तसं ह्येला बी असंल.”

इंदू माझ्या शेजारी उभी होती. तिने माझी बाही धरली आणि सोडली. दामू आईकडे पाहत होता. ठकूबाईंनी विचारले,

“आन किसन?”

“त्यो सुटला.”

“आठ वर्सं झाली तुला ह्या घरात. बोलली न्हाईस.”

“बोलली असती तर ठिवली असती?”

ठकूबाई पुढे गेल्या, हौसाच्या पदराखालून मूल काढून घेतले, उजेडात नेऊन त्याचे कान एकेक करून पाहिले, बोटांनी चोळले, जणू काही कानांवरच लिहिलेले असावे. मग मूल परत हौसाकडे न देता इंदूकडे दिले. इंदूने ते घेतले, पण अंगापासून दूर धरून, जसे दुसऱ्याचे भांडे धरावे.

सोनार तार गुंडाळू लागला. त्याने विचारले, आता जेवायला थांबायचे की जायचे.

“जेवून जा,” ठकूबाई म्हणाल्या. “आन ह्यो शब्द हितंच गिळून जा.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “पावणं, तुमाला ताप आलाय. आत जाऊन पडा.”

मला कळायला क्षणभर लागला. पाटावर बसणारा आजारी पडला म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला, असे गावाला सांगायचे होते. सुनेचे नाव त्यात कुठेही येणार नव्हते. मी आत गेलो आणि भर दुपारी घोंगडे पांघरून झोपलो.

हळदीकुंकवाला आलेल्या बायका एकेक करून ताप पाहून गेल्या. गवती चहा आणि आल्याचा काढा तीनदा प्यावा लागला. धनगरवाड्यावरून एक बाई शेळीचे दूध घेऊन आली, तिने माझ्या कपाळाला हात लावला आणि अंग थंड आहे असे सांगितले. ठकूबाई म्हणाल्या, ह्यांचा ताप आतून असतो, पुण्याच्या माणसांना तसाच येतो. बाईला ते पटले. तिने मला दूध पाजूनच सोडले. दारात पोरांचा घोळका आला तेव्हा किसनने त्यांना माहिती दिली की ह्यांच्या रक्तात नळाचे पाणी आहे.

संध्याकाळी दामू आत येऊन माझ्याजवळ बसला. बराच वेळ तो घोंगड्याची दशी ओढत होता. शेवटी त्याने विचारले, विजय पळतो का. मी सांगितले, पळू देत नाही. तो म्हणाला, किसनला मी कधी पळू नको म्हटले नाही, म्हणायचे असते हेच सुचले नाही. नंतर तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

पुण्याकडे

शुक्रवारी सकाळी गाडी जोडली. हौसा, मूल, दामू आणि आम्ही दोघे. किसन आजीजवळ राहिला. हौसाने एका मुक्कामासाठी सगळी लुगडी गाठोड्यात बांधली होती. ठकूबाईंनी गाठोडे हातात घेऊन पाहिले, वजन केले असावे, आणि गाडीत ठेवले. खाली ठेवा असे त्यांनी म्हटले नाही.

“आदी बगून या,” त्या म्हणाल्या. “मंग काय ते बोलू.”

खिंडीत बाभळीचा खुंट टिकला. पिरंगुटला एस.टी.ची वाट पाहताना मुलाने खूप रडून घेतले. हौसाने त्याला दोनदा सगळे कपडे काढून तपासले. काही नव्हते. भूक लागली होती.

पुण्यात आमच्या घरी तिने विजयला पाहिले. तो खाटेवर उशीवर पाय ठेवून चित्रे काढत होता. दामूने त्याच्यासाठी हरभऱ्याचे भाजलेले घाटे आणले होते. विजयने विचारले, हे तुम्ही जाळात हात घालून काढता का. दामूने हो म्हटल्यावर त्याने दामूचे हात उलटसुलट करून पाहिले. हौसा स्वयंपाकघरात गेली ती विजय झोपेपर्यंत बाहेर आली नाही.

रुग्णालय

शनिवारी डॉक्टरांनी मुलाच्या हाताच्या वरवरच्या शिरेतून, बारीक सुईने, थोडे रक्त घेतले. नर्सने त्या जागेवर बोट दाबून धरले. उचला असे सांगेपर्यंत उचलू नका, असे तिला बजावले होते. ताडून पाहण्यासाठी त्यांनी दामूचेही रक्त घेतले. दोन काचेच्या नळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या. पद्धत साधी आहे. थोड्या थोड्या वेळाने नळी उचलून तिरपी करायची. रक्त वाहिले तर परत ठेवायची. तिरपी केल्यावर रक्त जागचे हलले नाही की गोठले. विजयची नळी पहिल्यांदा तिरपी केली होती तेव्हा मी हजर होतो. ती एक तास उलटून गेल्यावरही वाहत होती. या घराण्यातला आजार तीव्र स्वरूपाचा आहे, असला तर नळीत लपणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

डॉक्टरांनी नळ्या तिरप्या केल्या. दोन्ही वाहिल्या. परत ठेवल्या. हौसाने मूल छातीशी धरले होते. दामू दोन नळ्यांपैकी आपली कोणती ते पुन्हा पुन्हा विचारत होता. पुन्हा तिरप्या केल्या. दामूची हळू वाहिली. मुलाचीही हळू. इंदू उठून बाहेर गेली.

तिसऱ्यांदा दामूचे रक्त हलले नाही. त्यानंतर थोड्याच वेळात मुलाचेही हलले नाही. डॉक्टरांनी नळी पूर्ण उलटी धरून आम्हांला दाखवली. रक्त वर चिकटून राहिले होते.

“झालं?” हौसाने विचारले.

डॉक्टर म्हणाले, झालं. याला तो आजार नाही. नर्सने बोट उचलले. कापसावर एक ठिपका होता, हातावर काही नव्हते.

हौसाच्या गोलातला प्रश्न मात्र तसाच राहतो, हेही त्यांनी दामूला सांगितले. दोन मुलगे निरोगी निघाले म्हणून ती मोकळी झाली असे होत नाही. दामूने ऐकून घेतले आणि मान हलवली. आईला यातले किती सांगायचे, असे त्याने मला विचारले. मी सांगितले, डॉक्टर म्हणाले तेवढे सगळे. तो सांगेल असे मला वाटले नाही.

मला त्या वेळी आनंद झाला किंवा कसे, याची मी खात्री देऊ शकत नाही. मी उलट्या नळीकडे पाहत होतो. इंदू व्हरांड्याच्या टोकाला नळाखाली हात धुताना सापडली. तिने रक्ताला हात लावलेला नव्हता. मी निकाल सांगितल्यावर तिने बरं म्हटले आणि हात धुणे चालू ठेवले.

त्याच दुपारच्या गाडीने तिघे परत गेले. लुगड्यांचे गाठोडे हौसाने स्वतःच्या मांडीवर घेतले होते.

चैत्रात मुठ्याला मुलाचे कान टोचले. मांडीवर घ्यायला नेरे गावाहून एका चुलत मामाला बोलावले होते. आम्हांला निरोप नव्हता. पुढे दामू तांदूळ घेऊन पुण्यात आला तेव्हा त्याच्याकडून कळले. हौसा घरीच आहे, आईने तो विषय पुन्हा काढलेला नाही. प्रत्येक कानाला रक्ताचा एकेक थेंब आला होता. सोनाराने हळद लावायच्या आत तो थांबला.